दिवसातून दोनदा

आमच्या शाळेत लॅटिन नव्हतं.
प्रयोगशाळाही नव्हती, आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली
शिपाई निवृत्त होताना चुकून खिशात घेऊन गेला होता.
तेव्हा लॅटिनने मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

कशाला शिकायचंय? सोलापूरभर हाच प्रश्न.
मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं.
वडिलांना म्हणाले, डॉक्टरकीला लागतं.
मैत्रिणीला म्हणाले, कुणालाच येत नाही म्हणून.
खरं असं की कॉलेजच्या बागेत एका झाडाला
खिळ्यानं ठोकलेली पत्र्याची पाटी होती
आणि तिच्यावरचं नाव
रोज अम्माच्या सुपात असणाऱ्या पानांचं आहे
हे काही केल्या पटेना.
दिओस्पिरोस मेलानॉक्सिलॉन.
पाठ केलं. दोन वर्षांनी कळलं, ते ग्रीक होतं.

मधल्या मारुतीजवळ सत्तार बागवानच्या रद्दीत
व्याकरण सापडलं, वजनावर, साडेचार रुपयांना.
पहिली सोळा पानं नव्हती, शेवट नव्हता.
नामांचे वर्ग पाच, असं आत छापलेलं,
पण तिसऱ्याच्या पुढं उंदरांचं जेवण झालेलं.
मी तीन वर्गांवर संसार मांडला.

शब्द लिहायला विडीच्या लेबलांची पाठ.
पंचवीस शब्दांचा एक कट्टा.
वडिलांचा माग सुरू झाला की मोठ्यानं रूपं म्हणायची;
त्या खटखटाटात चुका कुणाला ऐकू जात नाहीत,
मलाही नाही, एवढाच तोटा.

एकदा अम्मानं घाईत माझी लेबलं
खऱ्या कट्ट्यांना गुंडाळली.
कारखान्यात छाट काढणारीच्या नजरेतून सुटली.
कुठंतरी, बिदरला नाहीतर परभणीला,
कुणीतरी कट्टा फोडला असेल, आतून निघालं असेल
नॉक्स: रात्र.
आणि त्यानं काडी ओढली असेल.

माढेकर बाई संस्कृत शिकवायच्या. म्हणाल्या,
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाच.
मी वाचायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या
आणि मध्येच, अगं, हा तर आपल्यातला,
म्हणत शब्दाचा कान धरायच्या,
लग्नात लांबचा भाचा सापडावा तसा.
सहाच विभक्त्या? उरलेल्या दोन कुणी खाल्ल्या?
उंदरांनी नाही, बाई.

मग अम्माचा खोकला. तंबाखूची धूळ, डॉक्टर म्हणाले,
जसं काही विडी घरकुलात हे कुणाला ठाऊक नव्हतं.
चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढं दोन अक्षरं.
मी वाचून दाखवली: बी. डी.
अम्मा बघतच राहिली.
बीडी? डॉक्टरनं बीडी लिहून दिली?

मेडिकलमधला शिवशरण काउंटरवर वाकून हसला.
दिवसातून दोनदा, म्हणाला.
अक्षरं कशाची, ते त्याला माहीत नव्हतं.
त्याच्या मालकांच्या कॉलेजातल्या वहीत होतं:
बिस इन दिए.

दिए माझ्या तीन वर्गांत बसेना.
बिस म्हणजे द्विः, बाई म्हणाल्या, लाव पैज.
दिए म्हणजे दिवस, वेगळं सांगायला नको.
पण सप्तमीचं काम इथं पंचमी करतेय का गं?
औषधाच्या पावतीवर, एका शब्दाचं शेपूट धरून,
आम्ही दोघींनी मागे मागे सरकत
अंदाजानं पाचवा वर्ग उभा केला.
त्यातली दोन रूपं चुकलेली, ते पुढं कळलं.
चौथा मात्र बरीच वर्षं उंदरांच्याच पोटात राहिला.

अम्माला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.
पण पानं कापताना ती ऐकत असते.
त्या संध्याकाळी सूप बाजूला सारून
पदराला हात पुसत तेलुगूत म्हणाली,
सकाळची झाली.
आता बिस दे.